लॅव्हेंडरच्या पोस्टरला भुललो आणि पाणी बघून आलो

आधी तारे देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचपैकी तीन. बसला चार, जेवणाला साडेतीन, टूर मॅनेजर पोराला पाचपैकी पाच, आणि ज्या कोणी हे वेळापत्रक बसवलं त्याला शून्य. सरासरी तीनच्या जरा वर जाते, पण वरचं मी कापलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सौ. म्हणाली, नाव घालू नका, उगाच त्या पोराच्या नोकरीवर यायचं. शिवाय चार कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर पसरून बघा, दक्षिण फ्रान्सचा कार्यक्रम सगळ्यांचा एकाच साच्यातून काढलेला: नीस, मोनाको, ग्रास, मार्सेय, आर्ल, आव्हिन्यों. आठ दिवस, सात रात्री, माणशी पावणेतीन लाख, व्हिसा आणि टिप वेगळी. तेव्हा हे सगळ्यांनाच लागू आहे असं समजून वाचा.

मी मुलुंडचा. एकतीस वर्षं पालिकेच्या जलखात्यात काढली. सब-इंजिनिअर म्हणून लागलो, गुडघे झिजल्यावर निवृत्त झालो. आयुष्य व्हॉल्व्ह, गळती आणि रात्री दोनला वाजणारा फोन यांत गेलं. हे सांगतोय कारण पुढे मी पाण्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे. ज्यांना लॅव्हेंडरचे फोटो हवेत त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण ते मलाही दिसलं नाही.

हो, नाहीच दिसलं. दादरच्या त्या ऑफिसात भिंतभर पोस्टर होतं: जांभळ्या ओळी थेट क्षितिजापर्यंत आणि मधोमध एक राखी दगडी मठ. तो सेनांकचा मठ, 1148 साली स्थापन झालेला. अजूनही तिथे साधू राहतात. सौ.ने बोट ठेवून विचारलं, "हे दिसणार ना?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, प्रोव्हान्स म्हणजे लॅव्हेंडरच." आमची तारीख होती 19 मे.

आता ऐका. त्या भागात लॅव्हेंडर फुलतं साधारण जूनच्या मध्यापासून, आणि जुलैच्या मध्यानंतर कापणी सुरू होते. मे महिन्यात तिथे फक्त झुडपं असतात. आपल्या कंपन्या मे महिन्यात का नेतात? शाळेला सुट्टी असते म्हणून. आमच्या चौतीस जणांत शाळेत जाणारी पोरं किती? दोन. बाकी सगळे माझ्यासारखे, ज्यांना जून काय आणि जुलै काय, डॉक्टरची अपॉइंटमेंट सोडून कुठलीही तारीख चालते.

व्हालेन्सोलच्या पठारावर बस थांबली तेव्हा समोर हिरवट-राखी गोल गोल झुडपांच्या ओळी होत्या, सलूनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांच्या डोक्यांसारख्या. बांधावर लाल पॉपी मात्र काय फुलले होते! त्याचं कुणाला कौतुक नाही. घाटकोपरच्या एका ताईंनी मोबाइलमधल्या कसल्याशा फिल्टरने सगळं शेत जांभळं करून घेतलं आणि तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. मुलुंडला परत आल्यावर त्याच फोटोबद्दल शेजारणीने सौ.ला विचारलं, "तुम्हाला कसं नाही दिसलं?" काय सांगणार!

एक माहिती मात्र तिथे मिळाली. त्या पठारावर जे पिकतं ते बहुतेक लॅव्हांडिन, म्हणजे संकरित जात. तेल जास्त निघतं, साबणाला तेच जातं. अस्सल लॅव्हेंडर त्याहून उंचावर, डोंगरात, आठशे मीटरच्या वर चांगलं येतं. दुकानात बाटली घेताना लेबल वाचा, दोन्हींच्या भावात बराच फरक असतो.

सुरुवात नीसपासून होती. समुद्र निळा, किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे. पाय सोलून निघतात. फिरायचा लांबलचक रस्ता आहे, सगळे म्हणाले मरीन ड्राइव्ह, मरीन ड्राइव्ह. असेल. मला आवडलं ते वेगळंच: नीस फ्रान्समध्ये कायमचं आलं ते 1860 साली, त्याआधी सार्डिनियाच्या राज्यात होतं. इकडे विहार तलावाचं पाणी मुंबईत नळाने आलं तेही 1860. ही तारीख माझ्या डोक्यात कायमची बसलेली, त्यामुळे नीसचा इतिहास मला फुकटात पाठ झाला.

नीसलाच सहलीतलं सगळ्यात चांगलं खाणं मिळालं, आणि त्यात कंपनीचा काही हात नव्हता. जुन्या गावातल्या गल्लीत एक बाई तांब्याच्या भल्यामोठ्या परातीतून काहीतरी खरवडून कागदावर देत होती. सोक्का म्हणतात त्याला. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. लाकडाच्या भट्टीत भाजायचं, वर मिरपूड. कडा जळकट कुरकुरीत, मधे मऊ. सौ.ने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अहो, हे तर बेसनाचं धिरडं! आणि आपण रात्री पनीर खातोय." रात्री खरंच पनीर होतं. सातही रात्री होतं. माहितीपत्रकात 'घरगुती मराठी जेवण' लिहिलं होतं, प्रत्यक्षात पंजाबी हॉटेलवाला आणि दाल मखनी. साडेतीन तारे दिले ते टूर मॅनेजरच्या पिशवीतल्या मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्यामुळे. डोंबिवलीचं पोरगं, पंचविशीतलं. चौतीस माणसांच्या बीपीच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ. स्वतः जेवताना मी त्याला एकदाही बघितलं नाही.

मोनाको: गाड्या बघितल्या, उतरलो, चढलो.

ग्रासबद्दल मात्र बोलायला हवं, कारण खरी चिडचिड तिथली. गाव अत्तराचं. आधी ते चांभारांचं गाव होतं, कातडी कमवायचे, हातमोजे शिवायचे. चामड्याला वास किती येतो हे धारावीतून चालत गेलेल्याला सांगायला नको. त्या वासावर उतारा म्हणून मोजे सुगंधी करायला लागले, मोठ्या घराण्यांत त्याची फॅशन आली, पुढे चामड्याचा धंदा बसला आणि नुसता सुवास उरला. त्यांची जाई म्हणजे आपलीच जाई, पहाटे खुडायची, ऊन चढायच्या आत. अत्तराच्या या कारागिरीला 2018 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. हे सगळं ऐकायला वीस मिनिटं लागली आणि ती फार चांगली गेली. नंतर आम्हाला दुकानात सोडलं. मी घड्याळ लावून बसलो होतो: दोन तास दहा मिनिटं. बाहेर पडायची वाट दुकानातूनच. सौ.ने एका पट्टीवर जाईचा वास घेतला, डोळे मिटले, म्हणाली, "दादरला फुलवाल्याकडे जाते तेव्हा असाच येतो," आणि पट्टी पर्समध्ये टाकून बाटली परत ठेवली. दोन तास दहा मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्सेय हे फ्रान्समधलं सगळ्यात जुनं शहर. ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमाराला ग्रीक दर्यावर्दी तिथे उतरले. बंदर, मासळी, गलका, भिंतीला टेकून गप्पा मारणारी माणसं. मला अगदी ससून डॉकच्या आसपास आल्यासारखं वाटलं. आमच्या बसने तिथे एका राजवाड्याला वळसा घातला. पोराने माइकवर सांगितलं, "डावीकडे लाँशां पॅलेस, फोटो काढून घ्या." मी ताडकन उठलो. कारण तिथे कुणी राजा राहत नव्हता, तो पाण्यासाठी बांधलेला राजवाडा आहे!

गोष्ट अशी. 1834-35 साली मार्सेयमध्ये पाण्याचे हाल झाले, पाठोपाठ कॉलरा. तेव्हा शहराने ठरवलं, काय होईल ते होवो, दुरांस नदीचं पाणी आणायचं. दहा वर्षं कालवा खणला, 1839 ते 1849. वाटेत रोकफावूर इथे दरी आडवी आली तर तिच्यावर ऐंशी मीटरहून उंच दगडी जलसेतू उभा केला. आणि पाणी जिथे शहरात शिरलं तिथे हा राजवाडा, 1869 साली पुरा झाला. मधोमध धबधबा, बैल, पुतळे, दोन्ही बाजूंना खांबांचे सज्जे. पाणी आलं म्हणून एवढा थाट! आपण काय केलं? मलबार हिलच्या टाकीवर बाग केली. तीही चांगलीच आहे म्हणा, पण वर फिरणाऱ्या दहा जणांना विचारा पायाखाली काय आहे.

"थांबवता येईल का रे दहा मिनिटं?" मी विचारलं. पोराचा चेहरा पडला. "काका, ड्रायव्हरचे तास भरत आलेत." तिथल्या ड्रायव्हरच्या तासांचा कायदा कडक आहे, त्यात त्याचा दोष नाही. ग्रासला भरले ते तास.

आर्लमध्ये रोमन अँफिथिएटर आहे, म्हणजे खेळ बघायचा गोल दगडी आखाडा, पहिल्या शतकाच्या अखेरचं, वीस हजार माणूस बसेल एवढं. रोमन गेल्यावर लोकांनी काय करावं? आत घरं बांधली. कमानी बुजवल्या, बुरूज चढवले आणि दोनशेच्या वर घरं, दोन देवळं, सगळा संसार त्या गोलात. शेकडो वर्षं. एकोणिसाव्या शतकात त्यांना हलवून जागा मोकळी केली. आमच्यातले एक लालबागचे काका म्हणाले, "म्हणजे चाळच की, फक्त गोल." गाइडचं इंग्रजी व्याख्यान पाऊण तासाचं होतं, त्यापेक्षा हे एक वाक्य मला जास्त कळलं. व्हॅन गॉग 1888 च्या फेब्रुवारीत इथे आला आणि सव्वा वर्षात घाण्याला जुंपल्यासारखी चित्रं काढली. त्याचं पिवळं घर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. जिथे होतं तिथे उभं राहून आम्ही रस्ता बघितला.

मग कामार्ग. ऱ्होन नदी समुद्राला मिळते तिथला त्रिभुज प्रदेश. बसमधून उजवीकडे मिठागरं, डावीकडे भातखाचरं, मधे गुलाबी ठिपके. सगळी बस "फ्लेमिंगो, फ्लेमिंगो" करून एका बाजूला कलली. मी मुलुंडचा माणूस, मिठागरं बघत मोठा झालो, फ्लेमिंगो शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत बघितलेले. आपल्याकडे धाकटी जात जास्त, इथले सगळे थोरले, मान उंच आणि रंगाने फिके. अर्ध्या जगावरून गेलो आणि खिडकीतून भांडुप दिसलं, असं मी म्हणालो, त्यावर कुणी हसलं नाही.

पुढचं गाव कार्यक्रमात 'फोटो स्टॉप, 20 मिनिटे' असं होतं: सँत-मारी-द-ला-मेर. गावाच्या बाहेरच पोलिसांनी बस अडवली. आत जत्रा. तारीख 24 मे. कंपनीत कुणालाही माहीत नव्हतं की दरवर्षी या दिवशी युरोपभरचे रोमा लोक इथे जमतात. पोरगं फोनवर फोन करत होतं, बसमध्ये कुरकुर सुरू झाली. शेवटी आम्ही बारा जण उतरलो आणि चालत गेलो.

गावात किल्ल्यासारखं चर्च आहे. खाली तळघरात उतरायचं. पाच-सहा पायऱ्या गेल्यावर तोंडावर झळ आली, इतक्या मेणबत्त्या. कोपऱ्यात सारा. त्यांची संत सारा. काळी म्हणून सारा-ला-काली. लहानखुरी मूर्ती, आणि अंगावर झगे, एकावर एक, एकावर एक, त्यामुळे ती रुंदीलाच वाढलेली. नवस फेडायला आलेली बाई आणखी एक झगा चढवते, हाताने चेहरा कुरवाळते, फोटो पायाशी टेकवते. सौ. माझ्या कानात म्हणाली, "ओटी भरायला काहीतरी आणायला हवं होतं." पर्स उचकली. शेवटी तिने ग्रासची ती जाईची पट्टी काढली आणि साराच्या पायाशी ठेवली. शेजारच्या म्हाताऱ्या रोमा बाईने ती उचलून हुंगली, मान डोलावली आणि परत जागेवर ठेवली.

दुपारी मूर्ती खांद्यावर निघाली. पुढे पांढऱ्या घोड्यांवरचे गुराखी, मागे गिटार, व्हायोलिन, आरोळ्या, आणि सगळे थेट समुद्रात. कमरेएवढ्या पाण्यात. मुंबईच्या माणसाला पुढे काय होणार हे माहीतच असतं, म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. पण ते तिला बुडवत नाहीत. पाणी दाखवतात आणि परत देवळात नेतात. "हे बरं," सौ. म्हणाली, "घरी परत गेल्यावर रिकामं रिकामं वाटत नाही."

रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघाले हे वाचलं होतं. त्यांच्या भाषेत कानाला कान म्हणतात, नाकाला नाक आणि पाण्याला पानी. मी त्या म्हातारीला लाटांकडे बोट दाखवून म्हटलं, "पानी." ती माझ्याकडे बघतच राहिली, मग तिने तुटक्या दातांनी हसून तोच शब्द परत म्हटला. एकतीस वर्षं ज्या शब्दावर पगार घेतला तो तिथे ऐकला. बस दोन तास उशिरा सुटली, बसलेल्या बावीस जणांनी आमच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला धरला. मला काही वाटलं नाही.

आता पॉं-दु-गार. माहितीपत्रकात 'रोमन पूल, फोटो स्टॉप'. अहो, पूल कसला? पाइपलाइन आहे ती! नीम शहराला पाणी न्यायला पहिल्या शतकात रोमनांनी बांधलेली. झरा उझेस गावाजवळ. तिथून नीम सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, पण मधे डोंगर, म्हणून वळसे घेत घेत पाट नेला तो पन्नास किलोमीटर. आणि या पन्नास किलोमीटरमध्ये एकूण उतार किती? साडेबारा मीटर. मुलुंड ते नेरळ जवळपास एवढंच अंतर. तेवढ्या लांबीत एका चार मजली इमारतीएवढा उतार, पंप नाही, काही नाही, पाणी आपलं आपण चालत जाणार. म्हणजे चार हजार मीटरला एक मीटर. नोकरी लागायच्या आधी एका खासगी कंत्राटदाराकडे मी दोनशे मीटरची लाइन टाकली होती, हातात चांगली डंपी लेव्हल, म्हणजे पातळी बघायची दुर्बीण, असून उलटा उतार दिला आणि तीन रात्री उकरत बसलो. यांच्याकडे काय होतं? वीस फुटी लाकडी मेज, त्यावर खोबण, खोबणीत पाणी. पाण्याची लेव्हल पाण्यानेच बघायची.

वाटेत गार्दों नदीची दरी आली, तिच्यावर हे तीन मजली काम. खाली सहा कमानी, मधे अकरा, वर छोट्या पस्तीस, पूर्वी सत्तेचाळीस होत्या. उंची एकोणपन्नास मीटर. पुलाच्या आधीच्या टप्प्यात त्यांनी उतार मुद्दाम जास्त दिलाय, म्हणजे पूल त्याहून उंच करावा लागू नये. ज्याने आयुष्यात एकदा तरी अंदाजपत्रक केलंय त्याला हे वाचून हसू येईल. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी खर्च वाचवत होतं.

मी जवळ जाऊन हात लावला. पिवळसर चुनखडी, उन्हाने गरम झालेली. सहा-सहा टनांचे दगड, खालच्या दोन मजल्यांत चुना नाही, नुसते एकावर एक बसवलेले. सांध्यात नख जात नाही. काही दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवलेत, परांची बांधायला. काहींवर खोदलेले आकडे आणि अक्षरं आहेत, कुठला दगड डावीकडचा, कुठला उजवीकडचा. आपला मुकादम खडूने लिहितो तेच, यांचं अजून पुसलेलं नाही.

खालच्या मजल्याला लागून रस्त्याचा पूल आहे, त्यावरून आपण चालतो. तो बराच नंतरचा. टूर मॅनेजर पोरगं मोबाइलमध्ये बघून माझ्या शेजारी येऊन म्हणालं, "काका, हा रस्ता 1743 ते 47 मध्ये आंरी पीतो नावाच्या माणसाने बांधलाय." पीतो? मी पुन्हा वाचायला लावलं. पिटो ट्यूबवाला पिटो! 1732 साली ज्याने पाण्याचा वेग मोजायची नळी काढली, आणि जी नळी मोठ्या जलवाहिन्यांत घालून आम्ही प्रवाह मोजायचो, तो. या पुलापासून जवळच्याच आरामों गावचा. मी त्याच्या दगडावर उभा होतो आणि चौतीस जणांत हे सांगण्यासारखं कुणी नव्हतं. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "नमस्कार करा मग." केला.

पाटाच्या आत क्षाराचे थर बसलेत, हातभर जाड. गिझरची कॉइल बदलताना निघतो तसला पांढरा खडक. आधी लोक साफ करायचे, साम्राज्य ढिलं पडल्यावर कुणी बघेना, पाट हळूहळू चोंदत गेला. चालू होता तेव्हा रोज चार कोटी लिटरच्या आसपास पाणी जायचं असा अंदाज आहे. मुंबईला आज रोज साडेतीनशे कोटींच्या वर लागतं, पण आपल्याकडे वीज आहे.

आणि वेळ? चाळीस मिनिटं. पार्किंगपासून चालत दहा, टॉयलेटच्या रांगेत बारा, उरली अठरा. अत्तराच्या दुकानाला दोन तास दहा मिनिटं, युनेस्कोच्या यादीत 1985 पासून असलेल्या जागेला अठरा मिनिटं. शून्य मार्क कशाला दिले ते कळलं असेल.

आव्हिन्योंचा पोपचा वाडा भव्य आहे, पण आत रिकामा. 1309 ते 1377 सात पोप रोम सोडून इथे राहिले. एकाने तर 1348 मध्ये अख्खं गाव नेपल्सच्या राणीकडून ऐंशी हजार सोन्याच्या नाण्यांना विकत घेतलं. नाटकवाल्यांना हे गाव वेगळ्या कारणासाठी माहीत असेल: 1947 पासून इथे नाट्यमहोत्सव भरतो, आणि 1985 साली जवळच्या एका दगडाच्या खाणीत रात्रभर महाभारत झालं होतं, नऊ तासांचं. एका फ्रेंच गाण्यामुळे प्रसिद्ध झालेला इथला पूल बावीस कमानींचा होता, चार उरल्यात. पूल नदीच्या मधेच संपतो. तिकीट मात्र पूर्ण.

जाणार असाल तर कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा: प्रत्येक ठिकाणी घड्याळाने किती मिनिटं, दुकानं किती, आणि नीम आहे का. लॅव्हेंडर हवं असेल तर जूनच्या शेवटच्या आठवड्याआधीची तारीख घेऊ नका. मे महिन्यातच जायचं असेल तर 24 तारीख समुद्राकाठच्या त्या गावात पडेल असं बघा. गुडघे दुखत असतील तर काठी न्या, बरीच जुनी गावं चढावर आहेत.

नीम आमच्या कार्यक्रमात नव्हतं. पाणी जिथे जात होतं तेच गाव वगळलेलं! शेवटच्या दिवशी आव्हिन्योंमध्ये अर्धा दिवस मोकळा होता, खरेदीसाठी. मी पोराला म्हटलं, आम्ही दोघं जाऊन येतो. "काका, तीनला बस. नाही आलात तर माझी वाट लागेल." साध्या लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. नीमच्या रस्त्यात पितळी बिल्ले ठोकलेत, त्यावर ताडाला साखळीने बांधलेली मगर. रोमनांनी इजिप्त जिंकल्याची खूण, गावाने आपलं चिन्ह करून टाकली. सौ. बिल्ले मोजत चालत होती. डेनिम हे नावही 'नीमचं कापड' यावरून आलं म्हणतात, हे मी तिला सांगितलं, तिने माझ्या टेरिकॉटच्या पॅंटकडे बघितलं.

चढाच्या एका गल्लीत, कठड्यापलीकडे, ते होतं. तिकीट नाही, माणूस नाही. एक गोल दगडी हौद, सहा मीटरच्या आतबाहेर रुंद. एका बाजूला चौकोनी तोंड, जिथून पन्नास किलोमीटर चालत आलेलं पाणी पडायचं, आणि समोरच्या भिंतीत दहा गोल भोकं. प्रत्येकात शिशाचा पाइप, प्रत्येक पाइप गावाच्या एकेका भागाला. तळाला आणखी तीन, हौद रिकामा करायला. मी कठड्याला धरून उभा राहिलो. डिस्ट्रिब्युशन चेंबर! दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि मला वेगळं काही शिकावं लागत नव्हतं, चावी द्या, उद्यापासून ड्यूटीवर येतो.

सौ. पायरीवर बसून ठेपला खात होती. "एवढ्यासाठी आलो?" म्हणाली. मी तिला भोकं दाखवली. सगळी एकाच लेव्हलला आहेत, बघ. कुणाला आधी नाही, कुणाला नंतर नाही. ती उठून आली, नीट बघितलं. तिचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, तिसऱ्या मजल्यावर. "सगळ्यांना एकदम यायचं?" म्हणाली. म्हटलं, चोवीस तास. ती बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिली, मग उरलेला ठेपला गुंडाळून पर्समध्ये टाकला.

तीनला पाच कमी असताना आम्ही बसपाशी पोचलो. सगळे आत बसलेले. पोरगं खाली उन्हात उभं, हातात दोन डबे. दुपारचं जेवण चुकलं म्हणून आमच्या वाटचा पुलाव त्याने बाजूला काढून ठेवला होता, वर कागदात गुंडाळलेलं लिंबाचं लोणचं.